बिनवजनाच्या गावचे दाजी

पृथ्वीवर जन्माला येऊन, पृथ्वीचंच खाऊन, पृथ्वीशी इतक्या तुसडेपणानं वागलेला माणूस आमच्या दाजींखेरीज दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जावई हा दहावा ग्रह असतो असं जुनी माणसं म्हणतात. पण इतरांचे जावई नुसते म्हणायला ग्रह. ते रुसतात, मानपानावरून फुगतात, दिवाळीला अंगठी मागतात आणि मिळाली की गप्प बसतात. आमचा ग्रह खरोखरच तिकडचा. त्याला अंगठी नको होती, मानपान नको होता. त्याला हवा होता ऐकणारा माणूस, आणि ताईबरोबर आंदण दिल्यासारखा तो माणूस मीच त्याच्या वाट्याला आलो. माणसं अंतराळात कशी राहतात, काय खातात, कशी झोपतात, अंघोळीचं काय करतात, अंगाला वजनच नसलं की हाडांचं, रक्ताचं, नाकाचं आणि पोटाचं काय होतं, हे मी पंधरा-वीस वर्षं ऐकलं. मंगळवार पेठेत माझं विजेच्या सामानाचं छोटं दुकान. गिऱ्हाईक होल्डर मागत असायचं आणि दाजी काउंटरला टेकून मला रशियनांच्या पोटऱ्या कशा वाळल्या ते सांगत असायचे. आठवलं की आजही डोकं उठतं.

तेही मी पोटात घातलं असतं. पण आमची आई खुबा मोडून अंथरुणाला खिळली, ती पुन्हा पायावर उभी राहते की नाही याची घरात सगळ्यांना धास्ती, त्या दिवसांतही या गृहस्थाला अंतराळच सुचत होतं. ते मी सांगणारच आहे. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही.

दाजींचा धंदा गाद्यांचा. लक्ष्मीपुरीत त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. कापूस पिंजायचा, खोळी शिवायच्या, गाद्या-उशा भरायच्या. चांगला चालता धंदा. पण आपला एक वैमानिक रशियनांबरोबर वर जाऊन आला ते दाजींनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितलं, आणि सगळा देश ऊर भरून बघत असताना या माणसानं एवढंच टिपलं की वर झोपायला गादी लागत नाही. तिथून जे बिघडलं ते बिघडलंच. पुढं केबल आली, परदेशी वाहिन्या आल्या, रद्दीवाल्याकडं इंग्रजी मासिकं मिळायला लागली, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दाजींनी ते सगळं वाचून काढलं. रॉकेट किती मोठं, चंद्र किती लांब, यात त्यांना काडीचाही रस नव्हता. 'ते यंत्राचं झालं. माणसाचं काय होतंय ते बोला,' असं म्हणायचे. वर गेलेला माणूस पहिले दोन दिवस ओकत असतो, कारण तोल सांभाळणारा कान एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात. अंगातलं पाणी पायांकडून डोक्याकडं चढतं, म्हणून तोंड सुजतं आणि पायांच्या काटक्या होतात. पाठीचा कणा मोकळा होऊन माणूस दोन बोटं उंच होतो. हा शेवटचा मुद्दा ते ताईसमोर जरा जास्त जोरात सांगत, कारण ताई त्यांच्यापेक्षा बरोब्बर तेवढीच उंच होती.

आता गाद्या विकणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाला काय सांगावं? कापूस कसा आहे, खोळ किती टिकेल, एवढंच ना? एकदा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. जयसिंगपूरहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नातल्या गाद्या सांगायला सहकुटुंब आले होते. कापड पसंत पडलं, कापूस हाताला बरा लागला, आता फक्त माप सांगायचं राहिलं होतं. तेवढ्यात मुलीच्या आईनं सहज विचारलं, "पाठ दुखायची न्हाय न्हवं हिच्यावर?" झालं. "पाठ दुखतीया ती वजनानं बघा, वैनी," दाजी मांडी घालून सुरू झाले. "वजन हाय म्हणून गादी हाय. वर वजनच न्हाय, मग गादी कशाला? पिशवीत शिरायचं, पिशवी भिंतीला बांधायची आणि डोळं मिटायचं. झोप लागली की हात आपोआप म्होरं तरंगत्यात." लेकीच्या संसाराची स्वप्नं बघत आलेली बाई भिंतीला बांधलेल्या आणि हात पुढं केलेल्या माणसाचं वर्णन ऐकून गंभीर झाली. नवऱ्याला तिनं डोळ्यानं खुणावलं, आणि मंडळींनी समोरच्या दुकानातून गाद्या घेतल्या. मी कपाळाला हात लावला. दाजी मात्र खूश होते. "किती मन लावून ऐकलं बघा," ते म्हणाले.

नुसतं सांगून भागेना तेव्हा त्यांनी तशी पिशवीच शिवली. खोळीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, आत थोडा कापूस, वरून नाड्या. दुकानाच्या मागल्या भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दाजी उभ्यानंच आत शिरून, नाड्या आवळून डोळे मिटायला लागले. वजन काही कुठं जात नव्हतं. त्यामुळं झोप लागली की ते गुडघ्यात मोडून पिशवीच्या तळाशी गोळा व्हायचे. एकदा कापसाचे गठ्ठे उचलायला आलेल्या हमालानं त्यांनाच हात घातला. गठ्ठा म्हणाला, "ह्यो न्हाय, शेजारचा." तो हमाल पुन्हा म्हणून त्या दुकानाची पायरी चढला नाही.

ताईचे हाल तर विचारू नका. माणसाला वर न पाठवताही वरचे परिणाम बघता येतात, त्यासाठी पलंगाचं पायथ्याकडचं टोक उचलून, डोकं खाली करून माणसांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवतात, असं दाजींच्या वाचनात आलं. त्याच दिवशी घरच्या पलंगाखाली विटा गेल्या. पलंग दोघांचा, त्यामुळं ताईलाही अंतराळात जावं लागलं. चार दिवसांनी ती कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. "मी काय उतारावर लावलेली हातगाडी हाय व्हय?" ती म्हणाली. "रोज सकाळी डोकं पलंगाला आपटूनच उठतीया. आणि ह्यांस्नी आनंद कशाचा, तर माझं तोंड सुजलंय त्याचा. आरशाम्होरं उभं करून दाखवत्यात." मी समजूत घालायला गेलो तर दाजी पाय वर करून पडलेलेच. "पावणं, ताईस्नी सांगा, विटा काढल्या," ते तिथूनच म्हणाले. मी वाकून बघितलं. विटा दिसत होत्या. "ह्या काय मग?" म्हटलं. "त्या माझ्या बाजूच्या. तिच्या काढल्या की," दाजी म्हणाले. पलंगाचा एक पाय वर आणि एक खाली, आणि त्यावर हा माणूस वेडावाकडा, समाधानानं पडलेला. ताई आणखी आठवडाभर आमच्याकडं राहिली.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला भाऊबंद टाळाटाळ करायचे. मलकापूरच्या एका लग्नात माझ्या बायकोचे मामा नेमके त्यांच्या शेजारी आले. मामांना हे प्रकरण ठाऊक नव्हतं. जिलबी वाढून झाली आणि काहीतरी बोलायचं म्हणून मामांनी विचारलं, "मग वरच्या लोकांस्नी पाणी कोण नेऊन देतंय?" मी दाजींचा गुडघा दाबला. उपयोग शून्य. "कोण कशाला देतंय, पावणं?" दाजी म्हणाले, "आपलं आपुनच. घाम, श्वासातली वाफ, आणि मूत. समदं गाळून परत प्यायचं. मशीन काढतायत तसलं. आजचं मूत, उद्याचा च्या." मामांचा हात मठ्ठ्याच्या ग्लासासकट हवेत थांबला. दाजींना वाटलं, मामांना गोडी लागली. म्हणून त्यांनी नाक चोंदल्यामुळं वर चव कशी लागत नाही, सगळे तिखट कसं मागतात, आणि म्हणून अंतराळात जायला कोल्हापूरकरांइतकी लायक जमात नाही, हेही सांगून घेतलं. मामा जेवले नाहीत. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानात काही चुकलं. त्यांनी मामांची माफी मागितली, मामांना कारण सांगवेना, आणि मला त्या लग्नात दिवसभर सगळ्यांची समजूत घालत फिरावं लागलं.

आमच्या आईपुढं मात्र दाजींचं तोंड बंद असायचं, आणि ते का हे सांगायलाच हवं. आई जुन्या वळणाची. जावई घरात आला की ती उभी राहायची आणि तो जाईपर्यंत उभीच असायची. त्याच्यासमोर कधी टेकली नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि थेट एक शब्द कधी बोलली नाही. दाजी समोर बसलेले असले तरी ती मला सांगायची, "जावईबापूंस्नी विचार, भात वाढू काय." दाजीही मान खाली घालून मलाच सांगायचे, "मामींस्नी म्हणावं, थोडा." सासूला आमच्याकडं मामी म्हणतात. दोघांच्या मध्ये हात-दीड हाताचं अंतर, आणि निरोप माझ्यामार्फत. एका अधिक महिन्यात मात्र घोटाळा झाला. धोंड्याचं जेवण, पुरणाचे धोंडे, वर तूप. आई स्वयंपाकघरात गेली एवढं बघून दाजी पाटावरून उठले, बाहेरच्या सोप्यातल्या कॉटवर आडवे झाले, पाय भिंतीवर सोडले, डोकं काठावरून खाली लोंबतं ठेवलं आणि मला म्हणाले, "भरवा, पावणं. गिळल्यालं खाली पडतंय म्हणून पोटात जातंय असं वाटतंय काय तुम्हास्नी? अन्ननळी ढकलतीया. उलटं टांगलं तरी जातंय." धोंडा खरंच गेला. मागून तूप नाकात गेलं. आणि त्याच वेळी आई तुपाचं भांडं घेऊन दारात आली. तिला जावयाचे फक्त पाय दिसले, भिंतीवर. ती तशीच मागं फिरली आणि देवापुढं जाऊन बसली. त्या दिवशी ती माझ्या बायकोला म्हणाली, "माझ्या लेकीचं कसं हुईल गं?"

अशात आई पडली. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली होती, घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, ते सगळं नीट झालं. डॉक्टर तरुण पण खमके होते. घरी सोडताना त्यांनी आम्हाला बजावलं, "बसवा, उभं करा, वॉकर धरून चालवा. दुखेल, रडतील, तरी उठवा. या वयात पडून राहिल्या तर त्या पडूनच राहतील." आम्ही माना डोलावल्या. पण घरी आल्यावर ते कोणाला जमतंय? आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस सफरचंदं आणि 'अजिबात हलू नका' या दोन्ही गोष्टी बरोबरच घेऊन येतो. गल्लीतल्या बायका आल्या, म्हणाल्या, आयुष्यभर राबलासा, आता जरा पडा की. माझी बायको तिला हातानं भरवायला लागली. मी पाण्याचा पेला ओठाला लावायला लागलो. ताई येऊन पाय चेपायची. माया दुसरं काय करते? आणि आई स्वतःच भ्यालेली. "एकदा मोडलंय, परत मोडंल," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून निजायची. दर शुक्रवारी चालत अंबाबाईला जाऊन येताना भाजीची पिशवी दुसऱ्या कुणाला धरू न देणारी बाई ती. महिन्याभरात तिचा मोडलेलाच नव्हे, तर धडधाकट पायही वाळला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि जाताना दारात मला म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मिळून यांना झोपवणार आहात." मला ते झोंबलं, पण आईच्या अंगाला हात लावून तिला ओढून उठवायचं धाडस माझ्यात नव्हतं. ती कळवळली की मी तिला परत निजवायचो.

आणि दाजी? दाजी पहिल्याच भेटीत सोप्यात बसून, आईला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायला लागले. "वरनं परत आल्यालं माणूस चालत न्हाय, पावणं. खुर्चीत घालून उचलून न्यावं लागतंय. ज्या हाडावर भार न्हाय ते हाड शरीराला नगोच असतंय. ते विरघळवतंय आणि मुतावाटं भाईर टाकतंय. म्हणून वर रोज दोन-दोन तास पट्ट्यानं बांधून पळत्यात. न्हाईतर खाली आल्यावर पायच न्हाईत." आजारी माणसाच्या उशाशी बोलायची ही गोष्ट आहे का? हाड मोडलेल्या बाईला सांगायचं, की उरलेलीही विरघळतात? माझी बायको आतून भांडी आपटायला लागली. दुसऱ्या दिवशी ताई गाद्या मापायची फीत घेऊन आली. चेहरा पडलेला. "आईची पोटरी मापून आण म्हणालेत," ती म्हणाली. मी ती फीत खिडकीतून बाहेर भिरकावली. ताईनं जाऊन ती उचलून आणली आणि आई झोपली असताना पोटरी मापली.

मग त्यांचं येणं वाढलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे. भर दुपारी, आईचा नुकता कुठं डोळा लागलेला असताना यायचे. संध्याकाळी दिवेलागणीला यायचे. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज सुरू व्हायचा, शेजारच्या प्रत्येकाची चौकशी करत, चांगला खणखणीत. तो आवाज आला की आई दचकून जागी व्हायची. "जावईबापू आलं. मला बसवा. पदर द्या." जावयासमोर आडवं पडायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं अब्रूच गेली. मग मी एका बाजूनं, बायको दुसऱ्या बाजूनं, तिला उठवून, पाठीला काही न लावता बसवायचो, कारण जावयासमोर टेकून बसणंही तिला चालत नव्हतं. कळ यायची, ओठ दाबून धरायची, पण बसायची. आणि दाजी समोरच्या खुर्चीवर बसून माझ्याशी अंतराळ बोलायचे. वर केस कसे धुतात, दाढीचे केस उडून यंत्रात जाऊ नयेत म्हणून काय करतात, भाकरीचा चुरा तरंगून डोळ्यात कसा जाईल. संपतच नसे. निघाले म्हणून आईला निजवावं, तर पाच मिनिटांत गृहस्थ परत. छत्री विसरली. उन्हाळ्यात. मी दात आवळून 'बसा' म्हणायचो आणि ते बसायचे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते मला त्या दिवसांत कळलं, फक्त आमच्याकडं घोडं दिवसातून तीनदा यायचं.

कळस झाला तो पुढच्या आठवड्यात. दाजी आले आणि बसेचनात. खुर्ची दिली तर म्हणाले, "नगो, उभाच बरा हाय." चहा उभ्यानं. अंतराळ उभ्यानं. आई पलंगावर बसलेली, तिची चुळबूळ सुरू झाली. जावई उभा आणि सासू बसलेली, हे तिनं जन्मात केलं नव्हतं. ती मला म्हणाली, "जावईबापूंस्नी बसायला सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "मामींस्नी म्हणावं, पाठीत उसण भरलीया, बसवत न्हाय." मग आई माझ्या बायकोला म्हणाली, "ते वाकर की काय ते आण." कोपऱ्यात धूळ खात पडलेला वॉकर बायकोनं पुसून आणला. आईनं दोन्ही हातांनी तो धरला, डोळे मिटले, आणि उभी राहिली. पाय लटलटत होते. पदर डोक्यावर. दाजींनी घड्याळ बघितलं, "चला, दुकान उघडायचंय," म्हणाले आणि निघून गेले. आई धपकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून माझं डोकंच फिरलं.

मी तसाच त्यांच्या दुकानात गेलो. दाजी एका खोळीत कापूस कोंबत होते. मी मनात साठलं होतं ते सगळं ओतलं. म्हटलं, दाजी, मान म्हणून आजवर बोललो नाही. तुमचं ते अंतराळ तुमच्या घरी ठेवा. आमची आई मरणाच्या कळा सोसून तुमच्यासाठी उठून बसते, आज तर उभी राहिली. यापुढं पंधरा दिवस आमच्या घरी येऊ नका. दाजी ऐकत राहिले. कापूस कोंबायचं थांबलं नव्हतं.

"मी येत न्हाय तवा उठत्यात काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

"तुमी म्हटल्यावर?"

"न्हाय."

"ताई म्हटल्यावर?"

तिथंही मला नाहीच म्हणावं लागलं.

"मग सांगा मला, काय करू?" दाजी म्हणाले. "मी जावई. मला त्यांच्याशी बोलता येत न्हाय, हाताला धरता येत न्हाय, रागं भरता येत न्हाय. माझी आई अशीच आराम करत करत गेली, पावणं. समदी म्हणायची, पडा, पडा. मीबी म्हणायचा. जावयाला येतंय काय? नुसतं यायला येतंय. म्हणून येतोय."

मी तिथल्याच एका अर्ध्या भरलेल्या गादीवर बसलो. एखाद्या शहाण्या माणसानं त्या वेळी गप्प बसून मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवला असता. दाजींनी खोळीचं तोंड शिवता शिवता मला वरच्या माणसांची पोटरी पहिल्या महिन्यात किती बारीक होते ते सांगायला सुरुवात केली, आणि आईचं माप त्या मानानं अजून बरं आहे, असंही सांगितलं. मी उठून घरी आलो.

हे मी घरात बायकोला आणि ताईला सांगितलं, आईला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला तेव्हा बायकोनं आपणहून वॉकर पलंगाजवळ नेऊन ठेवला. पुढं दाजी सोप्यातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन उभे राहायला लागले, पाणी हवं म्हणून. जावयानं स्वतः पाणी घ्यायचं म्हणजे काय? आई वॉकर सरकवत चार पावलं गेली. मग दाजी अंगणातूनच बोलायला लागले, तशी ती उंबऱ्यापर्यंत गेली. वैतागायची. "ह्यांस्नी काय धंदापाणी हाय का न्हाय?" म्हणून मला विचारायची. मी म्हणायचो, "डोक्यानं जरा सैल हाय, आई, चालायचंच." पावसाळा संपता संपता वॉकर गेला, काठी आली, आणि एका शुक्रवारी ताईचा हात धरून आई अंबाबाईला जाऊन आली. त्या दिवसापासून दाजींचं आमच्या घरी दिवसातून तीनदा येणं बंद झालं. माझ्या दुकानातलं बंद झालं नाही. ती पीडा मी पुढंही भोगली.

त्यानंतर आई बरीच वर्षं हिंडती-फिरती राहिली. जावई आला की उभी राहायची. मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही समजलो. तिला सोप्याच्या आतल्या खोलीत ठेवलं. ताई येऊन राहिली. दाजी दुपारी आले, पण गल्लीच्या तोंडाशी आवाज आला नाही. मी बाहेर गेलो तर ते कट्ट्यावर बसलेले. "आत चला की," मी म्हणालो.

"नगो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी दिसलो की त्या उठायला बघतील."

ते रोज सकाळी यायचे आणि दुकान बंद ठेवून दिवसभर त्या कट्ट्यावर बसायचे. कोणाशी बोलायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यानं चौकशी केली तर नुसती मान हलवायचे. मी शेजारी जाऊन बसलो तरी हाडांबद्दल नाही, रक्ताबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. त्यांनी काहीतरी बोलावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मीच एकदा विचारलं, "दाजी, वर दिवसातून किती वेळा सूर्य उगवतो म्हणालता?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोळे उघडले. मी जवळ होतो. "जावईबापू आलं न्हाईत?" तिनं विचारलं.

"दुकानात हायत, आई. लग्नसराई हाय. तू पड निवांत."

ती पडून राहिली. श्वास लागत होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग भाईर कट्ट्यावर कोण बसल्यात त्यांस्नी च्या दे. सकाळधरनं बसल्यात."

मी चहा घेऊन बाहेर गेलो. "आईनं पाठवलाय," म्हटलं. दाजी कट्ट्यावरून उठले, दाराकडं तोंड करून उभे राहिले, आणि तो चहा त्यांनी उभ्यानंच घेतला.